बाबांवर मारलेला फवारा

बाबा गेले त्या सकाळी मी त्यांच्या चेहऱ्यावर माश्या मारायचा फवारा मारला. हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. आधी वहीत मी ‘खोलीत फवारा मारला’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. खोलीत मारताना डबा वर, छताकडे धरतात. मी तो खाली धरला होता, त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर.

मला किळस फार लवकर येते. लहानपणापासून येते. दुधावरची साय, दुसऱ्याच्या फणीतले केस, न वाळलेलं फडकं, शेजारच्या घरातून येणारा घसा खाकरल्याचा आवाज. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. मुलं बोटाला थुंकी लावून पानं उलटतात, म्हणून माझ्या टेबलाच्या खणात स्पिरिटचा बोळा असतो आणि परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी आधी पुसून घेते. बाबा मला ‘मॅडम’ म्हणायचे. पाहुण्यांना सांगायचे, ‘‘हे पोट्टी दवाखान्यात नाही, साबणाच्या कारखान्यात जन्मली.’’

बाबा रेल्वेत गँगमन होते, शेवटी मुकादम होऊन निवृत्त झाले. रुळांची देखभाल हे त्यांचं काम. पण रुळाकडेला प्रेत सापडलं की पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ थांबणंही गँगच्याच वाट्याला यायचं. कधी एक तास, कधी अख्खा दिवस. कुत्री हाकलायची, कावळे हाकलायचे आणि तोंडाला गमछा बांधून बसायचं. अशा दिवशी आई दाराबाहेर बादली भरून ठेवायची. बाबा नळापाशीच कपडे काढून भिजवायचे, कडुनिंबाचा पाला चोळून आंघोळ करायचे आणि मगच आत यायचे. तरी मला त्यांच्या मिशांतून तो वास येतोय असं वाटायचं. गोडसर, जड, तोंडात चवीसारखा उतरणारा वास. मी दहा वर्षांची असेन. मी माझं ताट उचलून लांब सरकायची. बाबांनी ते दोनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी ते स्वतःच ताट घेऊन उंबऱ्यापाशी जाऊन बसले आणि पुढे अशा दिवशी तिथेच जेवू लागले. त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मला त्या वेळी बरंच वाटलं होतं.

त्यांच्या गँगमध्ये एक जोडीदार होता, त्यांच्याच वयाचा. एका उन्हाळ्यात भनपुरीच्या पुढे, बेशरमाच्या झाडीत, ठेकेदाराकडच्या एका माणसाचं प्रेत सापडलं. बऱ्याच दिवसांचं होतं. जोडीदाराचं त्या माणसाशी भांडण झालेलं चार जणांनी ऐकलं होतं. आता माणूस मेला कोणत्या दिवशी, यावर सगळं होतं. भांडणाच्या दिवशी मेला असेल तर जोडीदार अडकत होता. त्यानंतर मेला असेल तर जोडीदार तेव्हा गोंदियाकडे बहिणीच्या लग्नात होता. डॉक्टरांनी प्रेताची अवस्था पाहून भांडणाचा दिवस सांगितला. जोडीदार आत गेला. तो माणूस भांडणानंतर दोन दिवस जिवंत होता, त्याला लोकांनी पाहिलं होतं, हे पुढे कोर्टात सिद्ध झालं. तोवर जोडीदाराची आई वारली होती आणि त्याचं लग्न ठरत होतं ते मोडलं होतं.

बाबा त्या डॉक्टरांना कधी दोष देत नसत. म्हणायचे, ‘‘तो खोटं नाही बोलला. त्याच्या पुस्तकातलं ऊनच दुसऱ्या देशाचं होतं. आपल्या इथं मेलेला माणूस किती दिवसात कसा होते, हे त्याले कोणी शिकवलंच नव्हतं.’’

निवृत्तीनंतर बाबा रोज विहारात जायचे. भंतेजींनी एकदा सांगितलं, की जुन्या काळी भिक्खू स्मशानात जाऊन टाकलेल्या प्रेतासमोर बसत आणि ते कसं फुगतं, फुटतं, हाडं होतं हे दिवसेंदिवस पाहत. बाबांना ते फार आवडलं. घरी येऊन मला म्हणाले, ‘‘म्हणजे मी नोकरीत साधनाच करून राहिलो होतो. मले पगार उगाच देला.’’

त्याच विहारात एकदा देहदानावर बोलायला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागातल्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं की दान मिळालेले बहुतेक देह मुलांना शरीररचना शिकवायला जातात. काही मात्र त्यांच्या विभागाला हवे असतात. माणूस मेल्यावर या हवेत, या मातीवर, इथल्या किड्यांनी त्याचं काय होतं आणि किती वेळात होतं, ते नोंदवायला. लोक हळूहळू मागच्या मागे उठून गेले. बाबा पुढे जाऊन बसले.

पुढच्याच आठवड्यात ते मला घेऊन महाविद्यालयात गेले. अर्जावर वारसाची सही लागत होती. मी विचारलं, ‘‘नक्की काय करतात?’’ मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही न लपवता सांगितलं. देहाला कसलंही औषध टोचत नाहीत. मागच्या आवारात जाळीच्या पिंजऱ्यात, जमिनीवर ठेवतात. जाळी कुत्र्यांसाठी असते, तिच्यातून माश्या जाऊ शकतात. माश्याच हव्या असतात. त्या पहिल्या तासांतच येतात आणि डोळे, नाक, तोंड, जखम अशा ओल्या जागी अंडी घालतात. अळ्या किती मोठ्या झाल्या ते पाहून मागे मोजत गेलं की मृत्यूची वेळ काढता येते. शेवटी हाडं उरतात, तीही मापून जपून ठेवतात.

शिपायाने आणलेला चहा माझ्यासमोर होता. त्यावर साय धरली होती. मी कप दूर सारला.

‘‘मॅडम, चहा घ्या,’’ बाबा मला म्हणाले. मग डॉक्टर मॅडमकडे वळून हिंदीत म्हणाले, ‘‘ये मेरी बेटी है। इसको मरने के बाद भी साबुन लगेगा।’’

मी सही केली. पेन डॉक्टर मॅडमचं होतं, म्हणून बाहेर येऊन हात धुतले.

बाबा शेवटचे तीन आठवडे अंथरुणावर होते. आमचं घर भनपुरीत, मागे ट्रकांचा अड्डा. ड्रायव्हर लोक आंबे खातात आणि साली नालीत टाकतात. मे महिन्यात तिथे माश्यांचा काळा थर बसतो, माणूस गेला की उठतो आणि परत बसतो. बाबांच्या उजव्या टाचेला पडून पडून जखम झाली होती. मी दोन हातमोजे एकावर एक चढवून ती पुसायची, श्वास रोखून. पट्टी झाली की ओसरीत जाऊन श्वास घ्यायची. त्यांना ते कळायचं. एकदा म्हणाले, ‘‘आत घे वं श्वास. मी काही रुळाकडेचा नाही अजून.’’ मी हसले नाही. फवाऱ्याचा डबा तेव्हापासून त्यांच्या खाटेखाली असायचा. मी तो खाटेभोवती मारायची, त्यांच्यावर कधी नाही.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायला दोन दिवस असताना, सकाळी सातच्या सुमारास ते गेले. माझा धाकटा भाऊ भिलाईहून नऊपर्यंत पोचला. आत्या चार दिवस आधीपासूनच आलेली होती. गोल बाजारातून आणून ठेवलेलं पांढरं कापड काढलं. आमच्यात सगळे एकेक तांब्या पाणी घालतात, तसं घातलं. त्यांना जमिनीवर ठेवलं, मेणबत्त्या लावल्या, वंदना सुरू झाली. आणि माश्या आल्या.

एक ओठाच्या कोपऱ्यावर बसली. मी हाताने उडवली. ती नाकपुडीच्या कडेला बसली. दुसरी डोळ्याच्या कोपऱ्यात बसून पुढचे पाय एकमेकांवर चोळू लागली, जेवायला बसण्याआधी माणूस हात चोळतो तशी. कानात एक शिरली आणि बाहेर येईना. मी ती बाहेर येण्याची वाट पाहत होते. सगळे हात जोडून, डोळे मिटून म्हणत होते. मी खाटेखालून डबा काढला आणि मारला. ओठांवर, नाकावर, डोळ्यांवर, दोन्ही कानांवर. बराच वेळ मारला. त्यांचा चेहरा घाम आल्यासारखा चकाकायला लागला आणि खोलीत तो लिंबाच्या नकली वासाचा ढग पसरला.

वंदना थांबली. आत्या खोकली, पदर नाकाला लावला.

‘‘काय मारलं वं त्याच्यावर?’’

‘‘माश्या होत्या.’’

‘‘बाई, माह्या भावाले मोरी समजली का तू?’’

मी फडक्याने त्यांचा चेहरा पुसला. पुसताना मला त्या औषधाची किळस आली, फडक्याची आली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या थंड, सैल पडलेल्या गालाचीही आली. मी घाईत पुसलं.

गाडी घेऊन आम्ही महाविद्यालयात पोचलो तेव्हा डॉक्टर मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांनी हात जोडले. मग कागद भरताना विचारलं, ‘‘शरीर पर कुछ लगाया है? दवा, इत्र, पाउडर, कोई केमिकल?’’

भाऊ माझ्याकडे बघत होता. आजूबाजूला विभागातली चार माणसं उभी होती. आत्याचं वाक्य माझ्या कानात होतं.

‘‘कुछ नहीं,’’ मी म्हटलं. ‘‘सिर्फ़ नहलाया है।’’

मॅडमनी तसं लिहिलं. परतताना भाऊ गाडीत म्हणाला, ‘‘दीदी, वो स्प्रे?’’

‘‘जाऊ दे. पुसलं होतं मी.’’

‘‘बाबा होते तो बता देते।’’



तिसरा दिवस उजाडला. एरवी या दिवशी माणसं राख आणायला जातात. आम्हाला आणायला काही नव्हतं. जलदानाच्या विधीच्या तयारीबद्दल आत्या काही सांगत होती तेवढ्यात डॉक्टर मॅडमचा फोन आला. मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत हवी होती. मी हो म्हटलं. मग उगाच, ठेवायच्या आधी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘‘सब ठीक है, मैडम?’’

तुम्ही शिकलेल्या आहात, वडिलांनी सगळं समजून दिलं होतं, म्हणून सांगते, असं म्हणून त्या सांगू लागल्या. त्यांच्या आवाजात थोडा उत्साह होता. बाबांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट दिसली होती. माश्या चेहऱ्याकडे गेल्याच नव्हत्या. डोळे, नाक, तोंड, जिथे त्या आधी जातात, ते सगळं रिकामं होतं. पायाच्या जखमेवर मात्र पहिल्याच दिवशी अंडी होती. ‘‘हमें लगता है यहाँ की लू में चेहरा इतनी जल्दी सूख जाता है कि मक्खी के काम का नहीं रहता। ये बात लिखने लायक़ है।’’

मी ‘जी’ म्हटलं आणि फोन ठेवला.

आत्या विचारत होती, ‘‘काय झालं? काहून अशी बसली?’’ मला तो जोडीदार दिसत होता. खरा कसा होता मला माहीत नाही, मी त्याला पाहिलंच नाही. पण कुठल्या तरी झाडीत सापडलेला कुणी तरी, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कुणी तरी डॉक्टर वहीतलं वाक्य आठवणार, की रायपूरच्या उन्हात असंच होतं. आणि एक दिवस पुढे-मागे होणार. बाबांच्या नावावर. जी चूक पुन्हा होऊ नये म्हणून बाबांनी स्वतःला जमिनीवर टाकून घेतलं होतं, तीच चूक मी त्यांच्याच तोंडावर फवारून ठेवली होती. वर पुसलीही होती.

मला स्वतःची जी किळस आली ती साबणाने जाण्यातली नव्हती. तरी उठून मी आधी हात धुतले. सवय.

दाखला घेतला आणि डबाही घेतला, पिशवीत गुंडाळून. भाऊ म्हणाला, ‘‘मैं चलूँ?’’ मी नको म्हटलं.

मॅडमच्या खोलीत मी उभ्यानेच सांगितलं. डबा टेबलावर ठेवला. त्यांनी तो फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. चेहऱ्यावरचा उत्साह गेला होता, रागही नव्हता. थकल्या होत्या.

‘‘मैंने पूछा था आपसे,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हाँ।’’

‘‘दो दिन से मेरे बच्चे धूप में बैठकर लिख रहे हैं।’’

त्यांनी ‘आप दुख में थीं’ असं म्हणावं अशी वाट मी पाहत होते. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर ओढलं, एका परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि पेन धरून विचारू लागल्या. किती वाजता मारला? किती लांबून? किती वेळ दाबून धरलं? मला सेकंद सांगता येईनात. त्यांनी घड्याळ काढलं आणि म्हणाल्या, ‘‘उँगली से दबाकर दिखाइए।’’ मी रिकाम्या हवेत बोट दाबलं आणि ती वंदना आठवत, तेवढा वेळ दाबून ठेवलं. तो वेळ फार लांब निघाला.

‘‘पोंछा किससे? कहाँ-कहाँ?’’

मी माझ्याच चेहऱ्यावर हात ठेवून दाखवत होते. त्या थांबल्या. म्हणाल्या, घरच्या माणसांना आम्ही तिकडे नेत नाही, पण नेमकी जागा कळली नाही तर ही नोंद टाकूनच द्यावी लागेल. कळली तर निदान एवढं लिहिता येईल, की औषध कुठे होतं, कुठे नव्हतं आणि माशी कशी वागली. लोक खरोखरच घरात असे फवारे मारतात. ‘‘आप देख पाएँगी?’’

मागच्या आवारात कडुनिंबाची दोन झाडं आणि एक उंच भिंत. वास भिंतीच्या अलीकडेच आला. चाळीस वर्षांनी आला तरी मी तो लगेच ओळखला. तोंडात लाळ सुटली, ओकारीच्या आधी सुटते तशी. मॅडमनी मास्क दिला होता, त्याच्या आतून तो आणखी घट्ट झाला. मी भिंतीशी वाकून ओकले. एका विद्यार्थिनीने पाण्याची बाटली पुढे केली. तिने तोंड लावलेली होती की नाही ते मी पाहिलं नाही.

जाळीत बाबा होते. बाबा म्हणून ओळखू येत होते ते केसांवरून आणि उजव्या पायाच्या वाकड्या अंगठ्यावरून, ज्यावर एकदा रुळाची कांब पडली होती. बाकीचं मी इथे लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण न लिहिलं तर पुन्हा पुसल्यासारखं होईल. पोट फुगून पांढरं कापड ताणलं होतं. कातडीचा रंग हिरवा, मग काळपट. टाचेची जखम, जी मी दोन हातमोजे घालून पुसत होते, ती आता हलत होती. शिजणाऱ्या भातासारखी हलत होती आणि तिला आवाज होता. मी भात खाल्लेला नाही तेव्हापासून.

चेहरा मात्र तसा नव्हता. काळवंडला होता, सुजला होता, पण त्यावर काही चालत नव्हतं. गाडीतून उतरवला तसा एकटा होता. इतका स्वच्छ, की तो बघूनच मला शरम वाटली.

मी जाळीतून बोट दाखवत सांगत गेले आणि विद्यार्थिनी कागदावरच्या आकृतीत खुणा करत गेली. दोन्ही ओठ. दोन्ही नाकपुड्या. डोळे. कान. मान, थोडी. हनुवटीखाली नाही. पुसताना उजवा गाल जास्त पुसला, डाव्या बाजूला आत्या बसली होती म्हणून तिथे कमी.

‘‘उजव्या बाजूला माशी आधी यायला हवी मग,’’ विद्यार्थिनी म्हणाली. मराठीत म्हणाली. मी चमकून पाहिलं. ‘‘मी भंडाऱ्याची,’’ ती म्हणाली. ‘‘बसा ना काकू, सावलीत.’’

मी बसले नाही. ऊन जाळीवर पडलं होतं आणि तार चमकत होती. टाचेकडची एक माशी उठली, जाळीवर टेकली, परत आत गेली. थोडा वेळ ती त्यांच्या छातीवरच्या कापडावर चालत राहिली. मग उडून ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर बसली.

माझा हात वर गेला. जाळीला लागून तार वाजली.

‘‘हाथ मत हिलाइए,’’ मॅडम मागून हळूच म्हणाल्या.

मी उजवा हात डाव्या हाताने धरला. माशीने पुढचे पाय एकमेकांवर चोळले, तशीच, जेवायला बसल्यासारखे. ती कोपऱ्यावरून ओठाच्या फटीकडे गेली, थांबली, मागे आली. मला तिचा तिरस्कार वाटत होता आणि ती परत जाऊ नये असंही वाटत होतं. विद्यार्थिनीने घड्याळ पाहिलं.

माशी पुन्हा पुढे चालू लागली आणि आत गेली. मी ती बाहेर येण्याची वाट पाहिली नाही.

‘‘लिख लीजिए,’’ मी म्हटलं.